इजिप्त आणि आपला बादरायण संबंध

मामा निवृत्त झाल्यापासून रोज सकाळी साडेसहाला घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ज्ञानदान करतात. मध्यंतरी आलेलं ज्ञान असं होतं: इजिप्तचा फारो अखेनातन हा आपल्या दशरथाचा नातू, रामसेस म्हणजे राम, आणि पिरॅमिड म्हणजे मुळात यज्ञवेदी. खाली जोडलेल्या हातांची रांग. चुलतबहिणीचा मुलगा इंजिनिअरिंगला आहे आणि कुठल्याच देवाला मानत नाही. त्याने तासाभरात वेगळंच टाकलं: येशू म्हणजे खरं तर इजिप्तचा देव होरस, दोघेही २५ डिसेंबरला कुमारीच्या पोटी जन्मले, दोघांचे बारा-बारा शिष्य, दोघेही क्रुसावर गेले. मामांनी त्यावर अंगठा दिला. एरवी चहात साखर किती यावरही या दोघांचं एकमत होत नाही.

संस्कृत शिकलेल्यांना बादरायण संबंधाची गोष्ट ठाऊक असते. एक अनोळखी माणूस बैलगाडीतून कुणाच्या तरी दारात उतरतो आणि पाहुणचार झोडून निघतो. यजमान शेवटी विचारतो, आपलं नातं काय? पाहुणा म्हणतो, माझ्या गाडीचं चाक बोरीच्या लाकडाचं, तुमच्या अंगणात बोरीचं झाड. हाच आपला संबंध. प्राचीन इजिप्तच्या धर्माच्या दारात गेली दोन-अडीच हजार वर्षं असेच पाहुणे उतरतायत. ग्रीक उतरले, युरोपातले गूढवादी उतरले, आता आपण. प्रत्येकाच्या गाडीला बोरीचं चाक असतंच.

माझं म्हणणं साधं आहे. दोन धर्मांत साम्य दिसलं तर ते खुशाल सांगावं, त्यावर तासन्‌तास बोलावं. पण नातं सांगायचं असेल तर वाट दाखवावी लागेल. कोण माणूस, कुठल्या रस्त्याने, कुठल्या भाषेत, कधी हे घेऊन गेला? लग्न जमवताना आपण मुलाच्या घरची केवढी चौकशी करतो! हजारो वर्षांची सोयरीक मात्र नावातल्या दोन अक्षरांवर उरकतो.

आधी मामांचा दशरथ घेऊ, कारण त्या फॉरवर्डच्या तळाशी एक खरी गोष्ट आहे आणि ती फॉरवर्डपेक्षा कितीतरी सरस आहे.

१८८७ मध्ये इजिप्तमधल्या अमार्ना इथे मातीच्या पाट्यांचा एक साठा सापडला. अखेनातनने वसवलेल्या राजधानीची ही जागा. साडेतीनशेहून जास्त पाट्या, बहुतेक अक्कादी भाषेत, म्हणजे त्या काळच्या राजदरबारांच्या पत्रव्यवहाराच्या भाषेत. त्यात उत्तर सीरियाच्या बाजूला असलेल्या मितान्नी राज्याच्या तुश्रत्त नावाच्या राजाची पत्रं आहेत. हाच तो ‘दशरथ’. भाषाशास्त्रज्ञ या नावाचं मूळ ‘त्वेषरथ’ असं लावतात, म्हणजे ज्याचा रथ त्वेषाने धावतो तो. दशरथाशी त्याचं नातं रथापुरतंच.

मितान्नीची प्रजा हुर्री भाषा बोलायची, पण तिथल्या राजांची नावं आपल्या कानाला ओळखीची वाटतात. याच राज्याने आजच्या तुर्कस्तानातल्या हित्ती राजाशी केलेल्या तहात साक्षीला बोलावलेल्या देवांत मित्र, वरुण, इंद्र आणि नासत्य, म्हणजे अश्विनीकुमार, आहेत. मितान्नीच्या किक्कुली नावाच्या अश्वशिक्षकाने घोडे कसे तयार करावेत यावर लिहून ठेवलंय. त्यात रिंगणाच्या फेऱ्यांसाठी ‘ऐकवर्तन्न’, ‘तेरवर्तन्न’, ‘पंझवर्तन्न’, ‘सत्तवर्तन्न’ असे शब्द येतात. एक, तीन, पाच, सात फेऱ्या. हा मजकूर तुर्कस्तानात बोगाझकोय इथे, हित्तींच्या जुन्या राजधानीत, सापडला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी ते शब्द मोठ्याने म्हणून पाहिले होते. इथे वाट आहे. तहाचा मजकूर आहे, पत्रं आहेत, नावं आहेत. ऋग्वेदाच्या भाषेची एक सख्खी बहीण त्या काळी सीरियात घोड्यांच्या पागेत वावरत होती, हे आता कुणी नाकारत नाही.

पण तुश्रत्त अखेनातनचा आजोबा नव्हता. अखेनातनची आई तिये ही इजिप्तच्याच युया आणि थुया या जोडप्याची मुलगी. तुश्रत्ताने आपली मुलगी तदुखेपा दिली ती अखेनातनच्या बापाला, तिसऱ्या अमेनहोतेपला. तो वारल्यावर ती अखेनातनच्या अंतःपुरात गेली. म्हणजे मामांचा नातू प्रत्यक्षात जावई निघाला. आणि सासऱ्याची पत्रं तरी काय आहेत! बापाने भरीव सोन्याच्या मूर्ती कबूल केल्या होत्या, मुलाने सोन्याचा पत्रा मारलेल्या लाकडी धाडल्या. तुमच्या देशात सोनं मातीसारखं पडलंय, मग हा चिक्कूपणा का? तो मुलीच्या सासूकडेही, म्हणजे तियेकडे, गाऱ्हाणं नेतो: तुम्ही तर त्या बोलण्याच्या साक्षीदार, सांगा तुमच्या मुलाला. साडेतीन हजार वर्षं होत आली, मानपानाची भांडणं जशीच्या तशी.

याच तुश्रत्ताने तिसऱ्या अमेनहोतेपकडे निनेव्हेची शौष्का देवी पाठवली होती. सोबतच्या पत्रात देवीचं म्हणणं लिहिलंय: मला इजिप्तला जायचंय, तो देश माझ्या आवडीचा आहे, आणि मग परत यायचंय. तुश्रत्त बजावतो की तिचा नीट मान राखा आणि परत पाठवा. माहेरवाशीण धाडावी तशी मूर्ती निघाली. धर्मांचे संबंध बघायचे असतील तर ते असे दिसतात: एका लाकडी पेटीत, गाढवाच्या पाठीवर, हमीपत्रासह.

मामांना हे सगळं फोनवर सांगितलं. ते म्हणाले, “म्हणजे संबंध आहेच की!” आहेच. पण त्यातून अखेनातनचा सूर्यदेव अतेन हा वेदातला सूर्य ठरत नाही. अतेनची पूजा इजिप्तच्या जुन्या सूर्योपासनेतून कशी वाढत गेली हे इजिप्तच्याच लेखांत पायरीपायरीने दिसतं. सून परदेशी आली म्हणून सासरचे कुलदैवत बदलत नाहीत. राहिला रामसेस. ते नाव ‘रा-मेस-सू’ असं फुटतं: ज्याला रा या सूर्यदेवाने जन्म दिला तो. राम शोधायला ‘म’ पर्यंत थांबून पुढचं नाव कापावं लागतं.

आता एक जुना फॉरवर्ड. तोही फॉरवर्डच, फक्त छापील.

अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्सिस विल्फर्ड नावाचा कंपनी सरकारचा लष्करी अधिकारी काशीत राहत होता. त्याला पक्कं वाटत होतं की पुराणांत इजिप्तचं वर्णन असणार. त्याने एक पंडित पगारावर ठेवला आणि पुराणांतून नाईल नदी, मिस्रदेश, ओसिरिस देव, त्याची बायको आयसिस असं काही सापडतं का बघायला सांगितलं. सापडलं! भरपूर सापडलं. ओसिरिस म्हणजे ईश्वर, आयसिस म्हणजे ईशी, नाईलचा उगम, चंद्रगिरी, सरोवर, सगळं श्लोकबद्ध. १७९२ मध्ये ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या तिसऱ्या खंडात हा लांबलचक निबंध छापून आला आणि युरोपात वाहवा झाली. विल्यम जोन्ससारखा संस्कृतचा चोख अभ्यासकही फसला. नोहाच्या तीन मुलांची गोष्ट पद्मपुराणात असल्याचं त्याने विल्फर्डच्या भरवशावर छापलं होतं.

पुढे विल्फर्डने मूळ पोथ्या स्वतः ताडून पाहिल्या तेव्हा भांडं फुटलं. मदतनीस ठेवायला दिलेले पैसे पंडिताने खिशात घातले होते. पोथ्या चाळायचा त्रास नको म्हणून त्याने नवे श्लोक रचून पानांत घुसडले होते. मसाला कुठून मिळाला? विल्फर्डकडूनच. साहेब बोलता बोलता ग्रीक-इजिप्शियन कथा सांगायचे, पंडित त्या संस्कृतात घोळून आठवड्याभराने परत आणून द्यायचा. पकडला गेल्यावर त्याने खरेपणाची शपथ घ्यायला माणसंही उभी केली. १८०५ मध्ये आठव्या खंडात विल्फर्डने ही सगळी हकिगत स्वतःच छापली. एवढं मन मोठं असणारे अभ्यासक कमी.

मला त्या पंडिताचा राग येत नाही. तो गरजू होता आणि त्याला गिऱ्हाईक कळलं होतं. खरी गंमत पुढे आहे. कबुलीजबाब छापून अर्धशतक उलटल्यावर जॉन स्पीक नाईलचा उगम शोधायला निघाला, तेव्हा त्याच्या हाती विल्फर्डचा तो पुराणांवरून काढलेला नकाशा आला. १८६३ च्या आपल्या पुस्तकात त्याने प्राचीन हिंदूंच्या ज्ञानाची तारीफ केली. आजही ‘इंग्रज संशोधकाने मान्य केलं’ म्हणून तेच वाक्य फिरतं. खुलासा मात्र आठव्या खंडात झोपलेला आहे. फॉरवर्ड आणि खुलासा यांच्या वेगातला फरक इंटरनेटने निर्माण केलेला नाही.

असं काहीही खपू शकलं याला एक कारण होतं. इजिप्तचा धर्म बोलायचा बंद झाला होता. चित्रलिपीतला शेवटचा ठाऊक असलेला लेख फिली बेटावरच्या देवळात २४ ऑगस्ट ३९४ रोजी कोरला गेला. शांपोलियन या फ्रेंच अभ्यासकाने लिपी उलगडली ती १८२२ मध्ये. मधली चौदाशे वर्षं हा धर्म मुका होता आणि मुक्याच्या तोंडी कुणीही काहीही घालू शकत होतं. सतराव्या शतकात रोममध्ये आथानासिउस किर्खर नावाच्या विद्वान जेझुइट धर्मगुरूने एका ओबेलिस्कवरच्या, म्हणजे इजिप्तच्या उंच दगडी स्तंभावरच्या, राजाच्या नुसत्या नावाचं भाषांतर केलं. ते झालं ओसिरिसची कृपा, पवित्र विधी आणि नाईलचे लाभ असं भलंमोठं वाक्य. पण १८२२ नंतर ही सबब उरलेली नाही. उनास राजाच्या सक्कारातल्या पिरॅमिडच्या भिंतींवर इ.स.पू. २३५० च्या सुमारास कोरलेले मंत्र आज भाषांतरात वाचता येतात. इजिप्तची माणसं आता स्वतः बोलतायत. त्यांना मध्येच तोडून आपलं घोडं दामटण्यात कसला अभिमान?

वाट सिद्ध झालेलं नातं कसं दिसतं, त्याचा नमुना म्हणजे अमेनेमोपेची शिकवण. हा इजिप्तचा एक शेतसारा-धान्य खात्यातला अधिकारी. त्याने मुलाला केलेला उपदेश ३० प्रकरणांत आहे. त्याचा पपायरस, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या कागदाची गुंडाळी, १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढच्याच वर्षी अडोल्फ एर्मान या जर्मन पंडिताने दाखवून दिलं की बायबलमधल्या ‘नीतिसूत्रे’च्या २२व्या अध्यायापासूनचा एक तुकडा याच्याशी अनेक ओळींत जुळतो. गरिबाला लुबाडू नकोस, शेताच्या बांधाची खूण सरकवू नकोस, तापट माणसाची संगत धरू नकोस. असे उपदेश कुठेही सापडतील, मान्य. पण हिब्रू मजकुरात एक शब्द शतकानुशतकं अडत होता. ‘मी तुझ्यासाठी परवा लिहिलं नाही का’, असा काहीसा विचित्र अर्थ निघायचा. त्याच अक्षरांना वेगळे स्वर लावले की होतं ‘तीस’: मी तुझ्यासाठी तीस वचनं लिहिली नाहीत का? तीस प्रकरणं! कुलपात किल्ली फिरल्याचा आवाज यावा तसं ते जुळतं. अमेनेमोपे म्हणतो, लबाडीच्या धनाला हंसबदकांसारखे पंख फुटतात आणि ते आभाळात उडून जातं. हिब्रूत पंख तेच राहिले, पक्षी गरुड झाला. नाईलकाठी बदकांचे थवे उठताना रोज दिसतात, यहूदियाच्या डोंगरात गरुड. हा एवढासा बदल मला पुराव्याहूनही आवडतो, कारण त्यात मध्ये बसून भाषांतर करणारा माणूस दिसतो. दोन्ही देश शेजारी, सैन्यं आणि लेखनिक सतत ये-जा करणारे. आणि हे सिद्ध झाल्याने ‘नीतिसूत्रे’ची उंची इंचभरही कमी झाली नाही.

आता चित्रगुप्ताकडे. इजिप्तच्या ‘मृतांच्या पुस्तका’तलं, म्हणजे मृतासोबत ठेवायच्या मंत्रसंग्रहातलं, ते प्रसिद्ध चित्र सगळ्यांनी पाहिलेलं असतं, निदान कॅलेंडरवर. ब्रिटिश म्युझियममधल्या अनी नावाच्या माणसाच्या पपायरसात ते जवळून बघावं. तराजूच्या एका पारड्यात अनीचं हृदय, छोट्या मडक्यासारखं. दुसऱ्यात मात देवीचं पीस. मात म्हणजे सत्य, न्याय, जगाची घडी, सगळं एकत्र. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस गुडघ्यावर बसून काटा सरळ आहे ना बघतोय. करकोच्यासारख्या चोचीचा थोथ हातात लेखणी घेऊन नोंद करतोय. त्याच्या मागे अम्मित बसली आहे: तोंड मगरीचं, पुढचं अंग सिंहाचं, मागचं पाणघोड्याचं. हृदय जड निघालं की तिचा घास. मेलेला माणूस ४२ न्यायदेवतांपुढे आपण काय काय केलं नाही ते सांगतो: मी मारलं नाही, कुणाला रडवलं नाही, तराजूच्या काट्यात हात घातला नाही, लेकराच्या तोंडचं दूध काढलं नाही, वाहतं पाणी अडवलं नाही. शेवटचं कलम कालव्याच्या शेवटी शेत असलेल्या कुठल्याही माणसाला वाचून दाखवा. तो त्या देवाला नमस्कार करेल.

थोथ म्हणजे चित्रगुप्त, असं म्हणायचा मोह मलाही होतो. त्यात आपल्या शतपथ ब्राह्मणातही परलोकात माणसाला तराजूत घालतात, साधु आणि असाधु यातलं जे वर उचललं जाईल तिकडे तो जातो, असं आहे. इलियडमध्ये झ्यूस वीरांची दैवं तोलतो. पारशी परंपरेत चिन्वत पुलापाशी रश्नु तराजू धरतो. कुराणात मीझान, म्हणजे तराजू, आहे. मग सगळ्यांनी इजिप्तकडून घेतलं का? मला तसं वाटत नाही. जिथे बाजार आहे तिथे तराजू आहे, आणि जिथे तराजू आहे तिथे काटा मारणारा दुकानदार आहे. रोज फसणाऱ्या माणसाला निदान एक तरी काटा खरा असावा असं वाटणारच. त्यासाठी जहाज लागत नाही.

शिवाय जवळ गेलं की साम्य विरतं. आपल्याकडे चित्रगुप्ताची वही हा मधला मुक्काम. हिशोब झाला की पुन्हा जन्म, पुन्हा खातं उघडलं. इजिप्तमध्ये एकच जन्म, एकच सुनावणी. नापास झालात तर दुसरं मरण आणि त्यानंतर काहीच नाही. हेरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवलं की आत्मा एका प्राण्यातून दुसऱ्यात फिरतो हे इजिप्शियनांनी प्रथम सांगितलं, आणि त्या वाक्यावर पुनर्जन्माचे कितीतरी इमले उठले. इजिप्तच्या ग्रंथांत तसं चक्र नाही. मृताला हवं तर ससाणा होता यावं, कमळ होता यावं, असे मंत्र आहेत. ती शिक्षा नाही, सवलत आहे. आणखी एक गोष्ट मला फार माणसाळलेली वाटते. मृताच्या अंगावर भुंग्याच्या आकाराचा दगड ठेवायचे, त्यावर मंत्र असायचा: हे माझ्या आईकडून मिळालेल्या हृदया, तिथे माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. म्हणजे कोर्टही मानायचं आणि साक्षीदारालाही आधीच गाठून ठेवायचं. अनीच्या पपायरसाचे काही भाग आधीच तयार होते, गिऱ्हाइकाच्या नावाची जागा कोरी ठेवून. नंतर नाव भरलं. छापील लग्नपत्रिकेसारखं.

अशाच जवळून बघण्याने दुसरं एक साम्य मला उलट जास्त महत्त्वाचं वाटायला लागलं. सेतने आपला भाऊ ओसिरिस याचे तुकडे केले. ग्रीक लेखक प्लुटार्क १४ सांगतो. आयसिसने ते शोधले, आणि इजिप्तभर गावोगावची देवळं सांगू लागली की आमच्याकडे शिर आहे, आमच्याकडे पाठीचा कणा. अबायडोसचा मान शिराचा. आपल्याकडे सतीच्या देहाचे भाग पडले तिथे शक्तिपीठं झाली. कोल्हापूर, तुळजापूर, माहूर, वणी ही साडेतीन पीठं महाराष्ट्राला पाठ आहेत. कुणी कुणाचं उचललं? उचलल्याची एकही खूण नाही. पण दोन्हीकडे प्रश्न एकच होता: गावोगावची जुनी, आपापला मान सांभाळणारी देवस्थानं एका सूत्रात ओवायची कशी? एकीला मोठी म्हटलं तर दुसरी रुसते. सगळ्या मिळून एक देह आहेत म्हटलं की भांडण मिटतं आणि यात्राही सुरू होते. नात्याचा हट्ट सोडला तेव्हा मला हे दिसलं. तोपर्यंत मी तुकडेच मोजत बसलो होतो, १४ आणि ५१.

भाच्याच्या होरसकडे येतो. इथे मला जपून बोललं पाहिजे, कारण ती यादी मी स्वतः वापरली आहे. काही वर्षांपूर्वी एका वाचनालयाच्या व्याख्यानात मी ती तोंडपाठ म्हणून दाखवली, टाळ्याही मिळाल्या. नंतर पहिल्या रांगेतल्या एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, “सर, होरसचे बारा शिष्य कुठल्या ग्रंथात आहेत? मला वाचायचंय.” मी म्हटलं, पाठवतो. तीन आठवडे शोधलं. कुठेच नव्हते. आयसिस कुमारी नाही. ती घारीचं रूप घेऊन मेलेल्या नवऱ्यापासून गर्भ धारण करते. होरसचा वाढदिवस २५ डिसेंबर नाही, वर्षाला जोडलेल्या पाच जादा दिवसांत तो मोजतात. क्रूस कुठेच नाही. ही यादी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जेराल्ड मॅसी या हौशी लेखकाच्या पुस्तकांतून पसरली आणि २००७ च्या एका इंटरनेटपटाने घरोघर पोचवली. बाईंना फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या, “मला वाटलंच होतं.” देवभोळ्यांच्या फॉरवर्डला हसणाऱ्याने आपला फॉरवर्ड आधी तपासावा हे मी तेव्हा शिकलो, जरा उशिराच.

गंमत म्हणजे ख्रिस्ती धर्माचे इजिप्तशी खरे धागे आहेतच. होरसला पाजणाऱ्या आयसिसच्या मूर्ती आणि इजिप्तमध्येच पुढे आलेली बाळाला पाजणारी मरिया यांच्यात भूमी तीच, कारागिरांची परंपरा तीच. अभ्यासक त्यावर अजून वाद घालतात, पण वाद घालण्याजोगी वाट तिथे आहे. कॉप्टिक, म्हणजे इजिप्तच्या, ख्रिस्त्यांनी जुनी अंख ही खूण क्रूस म्हणून घेतली. त्यांच्या महिन्यांत थोथ आणि हाथोर ही नावं आजही आहेत. लक्सॉरच्या प्राचीन देवळाच्या आत अबू हज्जाज या संतांची मशीद आहे आणि त्यांच्या मौलिदला, म्हणजे जत्रेला, मिरवणुकीत होडी निघते. त्याच गावात तीन हजार वर्षांपूर्वी ओपेत उत्सवात आमोन देव होडीत बसून खांद्यांवरून निघायचा. लक्सॉरकरांना हे साम्य सांगायला बाहेरचा विद्वान लागत नाही.

आणि आपला? आपलाही आहे, आणि त्यासाठी दशरथाची गरज नाही. इ.स.पू. १२१३ मध्ये दुसरा रामसेस वारला तेव्हा त्याच्या ममीच्या नाकपुड्यांत काळी मिरी भरली होती. मिरीची वेल तेव्हा फक्त दक्षिण भारतात होती. तांबड्या समुद्रावरच्या बेरेनिके बंदरात, सेरापिसच्या देवळाच्या आवारात, साडेसात किलो काळ्या मिऱ्यांनी भरलेला भारतीय रांजण सापडला. इ.स.च्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषी व्यापाऱ्याने बंदरांची माहिती लिहिली, त्यात पैठण भडोचपासून २० दिवसांच्या वाटेवर आणि तिथून तगर, म्हणजे आपलं तेर, आणखी दहा दिवसांवर असल्याचं नोंदवलंय. २०२३ मध्ये जाहीर झालं की बेरेनिकेच्या आयसिस मंदिरात बुद्धाची मूर्ती मिळाली, ७१ सेंटिमीटर उंच, भूमध्य समुद्राकडच्या संगमरवरात घडवलेली. त्याच देवळात रोमन सम्राट फिलिपच्या काळातला संस्कृत लेख, आणि तिथेच सातवाहनांची दोन नाणी.

या मूर्तीपाशी मी बराच रेंगाळतो. परदेशात अडकलेला, पुढच्या वाऱ्याची वाट बघणारा कुणी भारतीय व्यापारी. त्याला बुद्ध हवा होता, तर त्या बाजूच्या कारागिराकडून त्या बाजूच्या दगडात करवून घेतला आणि ठेवला आयसिसच्या अंगणात. पुजाऱ्यांनी ठेवू दिला. दोघांपैकी कुणीही म्हटलं नाही की तुमची देवी मुळात आमची. एका पपायरसावर आयसिसची स्तुती आहे, त्यात कुठल्या देशात तिला काय म्हणतात याची लांबलचक यादी येते. भारतीयांत ती ‘माया’ आहे असं त्यात म्हटलंय. जुने लोकही देवांची नावं अशी एकमेकांशी जुळवत. पण त्यांचं जुळवणं हे पाहुण्याला पाट मांडण्यासारखं होतं. तुझ्या देवीला मी ओळखतो, बस. आपलं जुळवणं सातबारा नावावर करून घेण्यासारखं झालंय. आणि नावावर करून घेताना कधीच न विचारलेला माणूस म्हणजे आजचा इजिप्शियन. ३ एप्रिल २०२१ ला कैरोत २२ राजे-राण्यांच्या ममी नव्या संग्रहालयात मिरवत नेल्या, प्राचीन भाषेत आयसिसचं स्तोत्र गायलं गेलं, लोक रस्त्यावर आणि टीव्हीसमोर रडले. त्यांना आपण कळवतो की तुमचे फारो अयोध्येचे.

वाट नसलेल्या साम्याचा काहीच उपयोग नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. माझं गाव संगमेश्वराकडचं. शिमग्याला पालखी नाचते, लोक नारळ जमिनीत पुरून खूण घालतात आणि पालखी ती खूण काढते. खांदा देणाऱ्यांना विचारलं तर सांगतात, आम्ही नाही नेत, ती नेते. त्यामुळे इजिप्तमध्ये देवाची मूर्ती पुजाऱ्यांच्या खांद्यावरून मिरवताना तिला प्रश्न विचारत आणि ती झुकून कौल देई, हे वाचताना मला युरोपीय पंडितांसारखं ‘पुजाऱ्यांची लबाडी’ असं पटकन म्हणता आलं नाही. मी त्या खांद्याखाली उभा राहिलो आहे.

ब्रिटिश म्युझियममध्ये थीब्जचा एक पपायरस आहे. एका माणसाचे पाच रंगीत अंगरखे चोरीला गेले. त्याने आपल्या वस्तीतल्या आमोनला गाऱ्हाणं घातलं आणि गावातली नावं एकेक करून वाचली. एका शेतकऱ्याच्या नावाला देव झुकला. तो शेतकरी देवासमोरच म्हणाला, खोटं आहे, मी नाही चोरले. देव भयंकर संतापला. मग तो भाकरी घेऊन शेजारच्या वस्तीतल्या आमोनकडे गेला. त्यानेही हाच कौल दिला. तो तिसऱ्या आमोनकडे गेला. तिथेही तेच. शेवटी सगळ्यांसमोर कबूल केलं.

गावी काकूला ही गोष्ट सांगितली. भाजी निवडता निवडता तिने सगळी ऐकून घेतली. ते इजिप्तवाले आपले कोण लागतात, हे तिने विचारलं नाही. म्हणाली, “दुसऱ्यानं पण तेच सांगितलं ना? मग तिथंच नारळ ठेवून कबूल व्हायचं. तिसऱ्याला कशाला उठवलंन मेल्यानं?”